बारावं सूप

अप्पासाहेबांच्या घरात खुर्च्या चाळीस आणि बसणारा माणूस एक. तो एक म्हणजे त्यांचा मुलगा भगवंतराव. आणि तोही बसायचा कुठं, तर स्वयंपाकघराच्या दारातल्या पाटावर.

बसवनगुडीतल्या त्या घराला सगळी गल्ली अजून ‘अप्पासाहेबर मने’ म्हणायची. अप्पासाहेब जाऊन चार वर्षं झाली होती, तरी घर त्यांचंच. घराणं तीनशे वर्षांमागं घोड्यांवर बसून इकडं आलं. पुढं घोडे गेले, शिपाईगिरी गेली आणि लाकूड आलं. यशवंतपूरला रेल्वेच्या कडेनं त्यांची मोठी वखार होती. शिमोग्याकडचं सागवान, चिकमगळूरचा शिसव तिथं उतरायचा, आणि निम्म्या बंगळुराच्या दारं-खिडक्या तिथनं जायच्या. अशा घराचा एकुलता एक वारस भगवंतराव. छत्तीस वर्षांचा, उंच, अंगानं भक्कम, बोलायला मात्र लाकडाचा.

त्या चाळीस खुर्च्या अप्पासाहेबांनी मुलाच्या लग्नासाठी करवून घेतल्या होत्या. काळ्याभोर शिसवी, बैठक वेताची. खुर्च्या झाल्या, लग्न झालं नाही. एकीचं नाक नको, दुसरीचं घराणं हलकं, तिसरीचा मामा तमाशातला निघाला. अप्पासाहेब म्हणायचे, “ओलं लाकूड कापू नये. सुकू दे.” सुकवायलाही काही सुमार असतो, फार सुकलं की लाकडाला चीर जाते, हे वखारवाल्याला सांगायला लागू नये. पण तेवढ्यात त्यांनाच अर्धांगवायू झाला. आई आधीच गेलेली. नऊ वर्षं भगवंतरावांनी बापाचं सगळं हातानं केलं. दाढीसुद्धा. बाप गेला तेव्हा लोक म्हणाले, आता सुटला. भगवंतराव सुटले खरे, पण कुठं जायचं तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

घरात दुसरा माणूस स्वयंपाकी यल्लाप्पा. मंगळवार-शुक्रवार चामराजपेटेतनं आत्या, सोयराबाई, घोड्याच्या जटक्यातनं येऊन घराच्या चाव्या मोजून जायची. संपलं घर.

अठ्ठावन्न सालच्या उगादीनंतरची, पाडव्यानंतरची गोष्ट. दावणगेऱ्याचा एक जाडजूड व्यापारी भेटायला आला, दिवाणखान्यातली खुर्ची ओढून बसला, आणि बसला तो थेट खालीच गेला. वेत फाटला, चौकटीत माणूस अडकला. पाय वर, टोपी एकीकडं. यल्लाप्पानं आणि भगवंतरावांनी दोन्हीकडून धरून त्याला उपसला. व्यापारी काही बोलला नाही, पण सौदाही केला नाही.

“धनी, सगळ्या खुर्च्या अशाच हायत,” यल्लाप्पा म्हणाला. “बाहेरनं राजा, आतनं भुसा. गवीपुरच्या फत्तेसिंगला बोलवा.”

फत्तेसिंग म्हणजे वेत विणणारा जुना माणूस. दंडूतल्या, लष्करी छावणीतल्या, गोऱ्यांच्या क्लबातल्या खुर्च्या त्यानंच विणलेल्या. गोरे गेले आणि एवढं बसायचं कामच उरलं नाही. बोलावणं धाडलं, पण दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली ती त्याची मुलगी. डोक्यावर वेताची वेटोळी, कमरेला आरी, पदर खोचलेला. तिशीला टेकलेली असेल. नाव सकवार.

“बाबांचे डोळे गेले, तीन वर्षं झाली,” ती म्हणाली. “हात माझे, विद्या त्यांची. चालत असंल तर सांगा, नाहीतर जाते.”

भगवंतरावांनी मान हलवली. मान होय म्हणाली की नाही, हे तिला कळेना.

“किती खुर्च्या?”

“चाळीस.”

“आणि घरात माणसं?”

भगवंतराव थांबले. असा हिशेब त्यांना कुणी विचारला नव्हता. “मी,” ते म्हणाले.

“नानू इदीनी,” आतनं यल्लाप्पा ओरडला. “मला पण धरा की!”

सकवार एका खुर्चीच्या बैठकीवर बोटं फिरवत होती. “मग फुटणारच की हो धनी. वेताला माणूस लागतं. कुणी बसत राहिलं, उठत राहिलं, तर तो अंगानं मऊ राहतो. रिकामा ठेवला की सुकतो आणि एक दिवस पहिल्याच माणसाला घेऊन खाली जातो.”

ती घंगाळात पाणी मागायला आत गेली. भगवंतराव तिथंच उभे राहिले. ती खुर्चीबद्दलच बोलली होती. तरी त्यांना दिवसभर वखारीत धड काही सुचलं नाही.

मागच्या पडवीत तिनं बैठक मांडली. वेत पाण्यात भिजत घालायचा, भोकाभोकातनं आधी उभा ओढायचा, मग आडवा, परत उभा, परत आडवा, मग दोन्ही बाजूंनी तिरपा. लाकडाच्या लहान खुंट्या भोकात ठोकून ताण धरायचा. आठवड्याला दोन खुर्च्या व्हायच्या, कधी दीड. खुर्ची झाली की ती म्हणायची, “बसा.”

“मी?”

“मग कोण? यल्लाप्पा बसला तर धनी होईल.”

भगवंतराव बसायचे. ती खाली उकिडवी बसून खुर्चीच्या पोटात बघायची. “स्वल्प हला. उजवीकडं. आता मागं रेला. रेला की हो, मोडत नाही.” मग वेत कुठं ताणतो, कुठं सैल पडतो, ते बघून उठायची. “सरी. झाली ही.”

असं करत करत आपल्याच घरातल्या खुर्च्यांवर भगवंतराव पहिल्यांदा बसले. बाप असताना बसायची छाती नव्हती, बाप गेल्यावर बसायला कारण नव्हतं. आता हुकूम होता.

बारा वाजता वखारीत जेवणाचा डबा जायचा, तो बंद झाला. धनी घरी जेवायला येऊ लागले. यशवंतपुराहून बसवनगुडी, दोन घासांसाठी! वखारीतले हमाल एकमेकांकडं बघायचे. घरी आल्यावर भगवंतराव पडवीच्या खांबाला टेकून उभे राहायचे. आधी नुसतेच. मग एकदा तिनं विचारलं, “हे लाकूड कुठलं हो? आरी लागली की वास येतोय. गुळासारखा.” तेव्हा जे बोलायला लागले ते थांबेनात. कुठल्या डोंगराचा शिसव काळा आणि कुठला तांबूस, पाण्याच्या कडेचं सागवान का ठिसूळ, ओंडक्याच्या टोकावर धन्याच्या शिक्क्याचा हातोडा एकदा बसला की तो ओंडका साऱ्या मुलखात त्याचाच कसा राहतो, कुणी हात लावत नाही. सकवार विणत विणत ऐकत होती.

“तुम्ही बोलता की हो!” ती शेवटी म्हणाली. “आमच्या गल्लीत सांगतात, अप्पासाहेबांचा मुलगा मुका आहे.”

यल्लाप्पा आत पोळपाटावर हसून लोळला.

ती तोंड बघून बोलणारी नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून जेवणारे धनी बघून तिनं यल्लाप्पाला झापलं होतं. “मोठ्या घरचा माणूस भिकाऱ्यासारखा उंबऱ्यात जेवतोय आणि तू वाढतोस? मधल्या घरात पान मांड.” तेव्हापासून पान मधल्या घरात. वाढदिवस कुणाचा, सण कुठला, याची गरज नाही. माणूस जेवतो म्हणून पान मांडायचं.

श्रावण सरत आला तशा खुर्च्या संपत आल्या. भगवंतराव रोज मोजायचे. तीस, बत्तीस, चौतीस. चाळीस झाल्या की ती आरी कमरेला लावून निघून जाणार आणि घरात पुन्हा यल्लाप्पाच्या पळीचा आवाज. एका सकाळी सकवारनं एक झालेली खुर्ची उचलली. बैठकीत मधोमध दोन भोकं. तिनं वेताचं टोक बोटानं चाचपलं, मग दुसरं. वर पाहिलं.

“यल्लाप्पा, घरात उंदीर झालेत काय?”

“हौदु, असतील की अक्का. मोठं घर.”

“शहाणे आहेत. चाकू वापरतात.”

भगवंतराव खांबाआड होते. कानापर्यंत लाल झाले. सकवारनं खुर्ची पडवीत ओढली. दोन्ही भोकं उसवली, वेत भिजत घातला आणि सावकाश, नेहमीपेक्षा फारच सावकाश, ती बैठक पुन्हा विणली. त्या एका खुर्चीला तिला आठ दिवस लागले.

आता खरी चूक ऐका. ती चाकूची नव्हे.

भगवंतरावांच्या आईला मुलगी नव्हती. गौरीच्या सणाला इकडं माहेरच्यांनी लेकीला बागिना पाठवायची रीत आहे. हळद लावलेली दोन सुपं, एकात तांदूळ, डाळी, गूळ, नारळ, खण, बांगड्या, कुंकू, वर दुसरं सूप पालथं घालायचं आणि पिवळ्या दोऱ्यानं बांधायचं. त्या माऊलीनं म्हटलं, मला लेक नाही म्हणून काय झालं, ज्यांना माहेर नाही त्या माझ्या लेकी. वखारीतल्या करवत ओढणाऱ्याची बायको, दूधवाली, मेलेल्या गाडीवानाची पोर, अशा अकरा जणींना ती दर गौरीला बागिना पाठवायची. लग्न झालेली, न झालेली, विचारायची नाही. ज्या घरात सूप गेलं, ती या घराची लेक झाली. बाळंतपणाला इथं यायची, लग्नात साडी इथली, आणि भगवंतराव तिचे अण्णा. आई गेल्यावर सोयराबाईनं रीत मोडू दिली नाही. सुपं ती स्वतः बांधायची. नावांचा कागद मात्र घरच्या धन्यानं लिहायचा, अशी पद्धत.

भगवंतराव दर वर्षी तो कागद लिहायचे, जुन्या कागदावरनं बघून. सण बायकांचा, त्यांचा संबंध दौतीपुरता. त्या वर्षी अकरा नावं लिहून झाली. लेखणी हातातच होती. सकवारला काहीतरी पाठवावं असं महिनाभर मनात होतं. बाईमाणसाला काय पाठवतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. या घरातनं बायकांना जाणारी एकच गोष्ट त्यांनी पाहिली होती. माणूस माहीत असलेल्या दारातनंच बाहेर पडतो. त्यांनी बारावं नाव लिहिलं.

सोयराबाईनं कागद वाचला. बाराव्या नावाशी थांबली, भाच्याकडं चष्म्यावरनं पाहिलं, आणि बाजारातनं आणखी दोन सुपं मागवली.

गौरीच्या संध्याकाळी यल्लाप्पा सुपं वाटून परत आला. पाय धुता धुता म्हणाला, “सगळ्यांनी घेतलं. गवीपुरच्या अक्कांनी पण. पदरात घेतलं, नमस्कार केला. झालं धनी, आता तुम्हाला बारा बहिणी!”

भगवंतरावांच्या हातातला तांब्या पडला. घरंगळत अंगणापर्यंत गेला.

ओंडक्यावर हातोडा आपणच मारला होता. आणि भलताच.

सकवार आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी आली ती खाली मान घालून. भगवंतराव वाट बघत होते, आता ती ‘अण्णा’ म्हणेल. अकराही जणी म्हणायच्या. दूधवाली तर गल्लीच्या टोकापासून हाक मारायची. पण सकवार ‘अण्णा’ म्हणाली नाही. ‘धनी’ही म्हणाली नाही. नुसतं, “बसा. हला. सरी. उठा.” रागावली आहे, भगवंतरावांना वाटलं. लाकडाचा वास कसा, डोंगर कुठला, सगळं बंद पडलं. एकोणचाळीस खुर्च्या झाल्या. चाळिसावीची नुसती चौकट राहिली तेव्हा ती म्हणाली, “वेत संपला. आणावा लागंल.” आणि गेली. नवरात्र गेलं, दिवाळी गेली. पोकळ बैठकीची ती चौकट दिवाणखान्यात तशीच उभी.

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी सोयराबाई जटक्यातनं उतरली ती फोटो घेऊनच. सोंडूरकडचं स्थळ होतं. मुलगी शिकलेली, घर मोठं. नव्या विणलेल्या खुर्चीत ऐसपैस बसून आत्यानं सगळं ठरवूनच सांगितलं.

“आता करवलीचं बघ. तुला सख्खी बहीण नाही. त्या अकरा जणी लेकुरवाळ्या, कडेवर एक, पदराला एक. बारावी बरी. उंच आहे, दिवा धरून शोभंल. काल जाऊन सांगून पण आले मी सकवारला.”

“काय म्हणाली?” भगवंतराव म्हणाले.

“विचार करते म्हणाली. अय्यो, करवलीनं कसला की विचार करायचा!”

भगवंतराव उठले. हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट. “आत्या, ती करवली नको. मला तीच पाहिजे.”

सोयराबाईनं फोटो मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, “बहीण आहे ती तुझी.”

“चूक झाली माझी.”

“चूक? नाव कुणाच्या अक्षरात आहे, माझ्या की तुझ्या? मी बघितलं तेव्हाच मनात म्हटलं, पोरगा शहाणा. मन भलतीकडं जात होतं ते स्वतःच बांधून घेतलंन.” तिचा आवाज चढला. “वेत विणणाऱ्याची मुलगी म्हणून मी बोलत नाही. तेही बोलीन, पण ते नंतर. तुझ्या आईच्या नावचं सूप आहे ते! बागिना दिलेल्या पोरीला बायको करशील, तर उद्या त्या अकरा जणींनी कुठल्या तोंडानं माहेर म्हणून या घरी यायचं?”

आत्याचं खरं होतं. अकरा जणींचं माहेर आपल्या सुखासाठी मोडायचा भगवंतरावांना हक्क नव्हता.

“सूप परत येत नाही?” त्यांनी विचारलं.

“येतं की. उघडलं नसलं तर. त्यातला तांदूळ घरात शिजवून खाल्ला की ती लेक झाली. तोवर नुसती दोन सुपं. पण तीन महिने झाले, बाळा. आंधळा बाप, हाताला काम नाही. त्या घरात तांदूळ टिकतोय होय?”

“विचारून येतो.”

“आणि शिजवला असला तर?”

भगवंतरावांनी पायात चप्पल सरकवली. “तर ती माझी बहीण. तिचं लग्न मी या घरातनं लावून देईन, आईनं दिलं असतं तसं. आणि सोंडूरला नाही म्हणून कळवा. माझं मग कुणाशीच नाही.”

दुपारच्या उन्हात ते चालतच निघाले. बसवण्णाच्या देवळासमोर शेंगांची जत्रा होऊन गेलेली, रस्ताभर अजून टरफलं पसरलेली, पायाखाली कुरकुर वाजत होती. वळणावर दूधवाली भेटली.

“अण्णा! चालत? आज सूर्य कुठं उगवला?”

त्या ‘अण्णा’ला मान हलवून ते पुढं निघाले. हाच शब्द थोड्या वेळानं दुसऱ्या तोंडातनं येणार की काय.

गवीपुरात फत्तेसिंग घराच्या पायरीवर वेत सोलत बसला होता. पावलं ऐकून त्यानं मान तिरकी केली. “चप्पल भारी आहे, चाल मात्र चोरटी. कोण, धनी का?”

आत चुलीवर सकवार नाचणीचा मुद्दा, उकडलेल्या पिठाचा गोळा, घोटत होती. तिनं वर पाहिलं आणि घोटणं थांबवलं.

“एक विचारायचं होतं,” भगवंतराव उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले. “ते गौरीचं सूप–”

“त्या सुपाचं नाव काढू नका!” फत्तेसिंगच उसळला. “नवरात्रापासनं मी पंधरा दिवस तापानं पडलो. तोंडाला चव नाही. म्हटलं, पोरी, धन्यांच्या घरचा तांदूळ टांगलाय की वर, मूठभर घे, पेज तरी कर. नाही म्हणाली! जन्मात मला नाही म्हणाली नाही ती पोरगी. रोज नाचणीची आंबील पाजली. आणि त्या तांदळात आता किडे झाले. रात्रंदिवस डोस्क्यावर पडतात. आंधळ्याला दिसत नाही म्हणून काय झालं, टाळूवर चालतंय ते कळतंय की!”

भगवंतरावांनी वर पाहिलं. तुळईला टांगलेली दोन सुपं. हळद फिकी पडलेली. पिवळा दोरा जागच्या जागी.

चुलीवरचा मुद्दा करपायला लागला.

“उघडलं असतं,” सकवार म्हणाली, “तर तुम्हाला अण्णा म्हणावं लागलं असतं.”

“मग परत का नाही केलंत?”

“तुमच्या आईच्या नावचं. परत करायला तोंड कुठलं आणू? आणि चुकून पाठवलंत की जाणून, ते मला काय ठाऊक? जाणून असंल तर माझी जागा दाखवलीत म्हणायची. मग गप्प बसावं हे बरं.”

“चुकून,” भगवंतराव म्हणाले.

“अशी कशी हो चूक?”

“काहीतरी पाठवायचं होतं. दुसरं काय पाठवतात, ठाऊक नव्हतं.”

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. हसते की रडते, हे उंबऱ्याबाहेरून दिसेना. “फुलं पाठवतात, धनी.”

“फुलं यल्लाप्पा देवाला आणतो.”

तेव्हा मात्र ती हसलीच. आणि फत्तेसिंग पायरीवरनं म्हणाला, “काय ते ठरवा, पण आधी ते सूप काढा माझ्या डोस्क्यावरनं.”

सूप भगवंतरावांनीच काढलं. सकवारनं हात पुढं केला, पण त्यांनी दिलं नाही. डोक्यावर घेतलं. यशवंतपूरच्या वखारीचा धनी, पांढऱ्याशुभ्र कोटात, किडक्या तांदळाचं सूप डोक्यावर घेऊन भर दुपारी गवीपुरातनं बसवनगुडीत चालत आला. कोटावर काळे किडे रांगत होते. मागनं बापाचा हात धरून सकवार. दूधवाली त्याच वळणावर होती. तिनं ते सूप ओळखलं, दोरा बघितला आणि तोंडाला हात लावला. संध्याकाळपर्यंत अकराही जणींना कळलेलं असणार.

सोयराबाई त्याच खुर्चीत बसून होती. भगवंतरावांनी सूप तिच्यापुढं ठेवलं.

तिनं चष्मा लावला. गाठ तिच्या हातची होती. तीन पदरी, टोकाला हळकुंडाचा तुकडा ओवलेली. अशी गाठ साऱ्या बंगळुरात दुसरं कुणी मारत नाही, असा तिचाच तोरा. तिनं नखानं ओढून पाहिली. हलली नाही.

“तांदूळ नासवलास, पोरी.”

“होय.”

“बाप तापात होता ना तेव्हा?”

“होय.”

“तरी?”

“तरी.”

सोयराबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. “मी असा तांदूळ राखला असता काय कुणासाठी,” ती स्वतःशीच पुटपुटली. मग मोठ्यानं, “यल्लाप्पा! हे अंगणात चिमण्यांना घाल. आणि माणसं उभी आहेत, बसायला सांग की रे. एवढ्या खुर्च्या काय लोणच्याला ठेवल्यात?”

फत्तेसिंगला यल्लाप्पानं बसवला. सकवार उभीच. एकोणचाळीस खुर्च्या तिनं विणल्या होत्या, एकीवरही बसली नव्हती. भगवंतरावांनी एक खुर्ची पुढं ओढली. तीच, उंदरांची.

“बसा,” ते म्हणाले.

ती बसली, अगदी कडेला. भगवंतराव किडे लागलेल्या कोटासकट खाली उकिडवे बसले आणि खुर्चीच्या पोटात बघू लागले.

“स्वल्प हला,” ते म्हणाले. “मागं रेला. रेला की हो, मोडत नाही.”

ती रेलली.

“सरी,” भगवंतराव म्हणाले. “झाली ही.”

लग्न माघात झालं. सोंडूरकरांनी नाकं मुरडली, घराण्यातल्या निम्म्या लोकांनी पाठ फिरवली. भगवंतराव कुणाला समजवायला गेले नाहीत. त्या निम्म्यांच्या खुर्च्या अकरा बहिणींनी आणि त्यांच्या पोराबाळांनी भरल्या. करवलीचा दिवा कुणी धरायचा यावरनं त्यांच्यात असं भांडण लागलं की शेवटी सोयराबाईनं तो स्वतःच धरला. चाळिसाव्या खुर्चीचा वेत लग्नाआधी आठवडाभर सकवारनं विणला, फत्तेसिंग शेजारी बसून बोटांनी तपासत होता.

पुढच्या गौरीला नावांचा कागद भगवंतरावांनी बायकोपुढं सरकवला. “तू लिही. मी लिहिलं की घोटाळा होतो.” अकरा सुपं अकरा घरी गेली.

आणि दिवस कलताना दारात फत्तेसिंग उभा राहिला. काठी टेकत गवीपुराहून एकटाच आलेला, काखेत काहीतरी कापडात गुंडाळलेलं. कापडात दोन सुपं होती, वेताची. हातानं चाचपून विणलेली, एका बाजूला जरा वाकडी. लेकीच्या माहेरचा बागिना. आत खण नव्हता, नारळही नव्हता. दोन शेर नाचणी होती आणि मुठीएवढा गूळ.

सकवारनं ते पदरात घेतलं, बापाला नमस्कार केला आणि तिथंच उंबऱ्यात बसून दातानं गाठ सोडली. सूप पाखडत आत गेली, जात्यावर बसली. त्या दिवशी अप्पासाहेबांच्या घरात नाचणीचा मुद्दा शिजला. मधल्या घरात पानं मांडली होती चार. यल्लाप्पाचंही.